देवीला वाहिलेला रेकॉर्डर

तळेगाव दाभाड्यात माझ्या दारावर अनेक वर्षे ‘एकस्व सल्लागार’ अशी पाटी होती. एकस्व म्हणजे पेटंट. पाटी वाचून कोणी पेटंटसाठी आल्याचे मला फारसे आठवत नाही. मी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो आहे, एवढे मात्र गावाला ठाऊक होते, त्यामुळे येणारे बहुतेक जण वास्तुशांतीचा मुहूर्त विचारत. मीही पंचांग उघडून तो सांगत असे. आलेल्या माणसाला विन्मुख पाठवू नये, हा संस्कार व्यवसायाहून जुना आहे.

जे खरोखर पेटंटसाठी येत, त्यांच्यातही नाना प्रकार असत. लोणावळ्याचे एक हॉटेलमालक आपल्या गच्चीवरून दिसणारी दरी पेटंट करून मागत होते. “शेजाऱ्याने मजला चढवला, आता त्यालाही तीच दिसते,” ही त्यांची तक्रार. दरी आपण निर्माण केलेली नाही, असे मी नम्रपणे सांगितले. “पण खिडकी मी पाडली ना!” असे म्हणून ते रागाने निघून गेले.

पाठशाळेनंतर मी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि परीक्षा देऊन या व्यवसायात आलो. न्यायशास्त्र आणि पेटंट यांचा संबंध काय, असे पुष्कळ जण विचारत. संबंध फार जवळचा आहे. पेटंटच्या अर्जाचा प्राण म्हणजे क्लेम. आपल्या शोधाची चतुःसीमा एका वाक्यात बांधायची, त्याचे नाव क्लेम. पाठशाळेत आम्हांला लक्षण करायला शिकवत. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले की म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. ‘तांबडी ती गाय’ म्हटले की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. क्लेम अतिव्याप्त झाला तर दुसऱ्याच्या शेतात कुंपण घातल्यासारखे होते आणि न्यायालय तो मोडते. अव्याप्त झाला तर चोर कुंपणाबाहेरून सुखाने चालत जातो. म्हणून प्रत्येक शब्दाला ‘तू येथे कशासाठी?’ असे विचारावे लागते. गुरुजींपुढे बसून जे केले, तेच पुढे इंग्रजी कागदांवर करीत राहिलो.

याखेरीज एक अट असते, नावीन्याची. अर्ज दाखल होईपर्यंत शोध लोकांपुढे आलेला नसावा. तो शोधकाने स्वतःच भर सभेत सांगितला असला, तरी त्याचे नावीन्य गेले. कायदा येथे निष्ठुर आहे. जे तुम्ही जगाला एकदा देऊन टाकले, ते जगाकडून परत मागता येत नाही.

आता संपतविषयी. सुदुंबऱ्याचा हा तरुण डिप्लोमा करून एका कारखान्यात नोकरीला होता. ती सोडून त्याने तळेगावच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर बनवायला सुरुवात केली. सीसीटीव्ही कॅमेरा जे पाहतो ते साठवून ठेवणारी ही पेटी. बाजारात तिला डीव्हीआर म्हणतात. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो माझ्याकडे आला आणि मुहूर्त न विचारता पेटंट विचारू लागला, तेव्हा मी चष्मा पुसून त्याच्याकडे नीट पाहिले.

“गुरुजी, लोणावळ्याच्या बंगल्यांत पावसाळ्यात चोरी होते,” तो म्हणाला, “आन मालक मशीन उघडून बघतो, तर आत नुसतं धुकं!”

“म्हणजे?”

“कॅमेऱ्यापुढं काय हललं तरच मशीन रेकॉर्ड करतं, जागा वाचावी म्हणून. आता आपल्याकडं धुकं चार महिने हलतंच असतं. मशीनला वाटतं मानूस आला. धुकं साठवून साठवून डिस्क भरती, आन चोर येतो तवा जागाच न्हाई.”

त्याचा उपाय मला फार सुंदर वाटला. त्याची पेटी शेवटचे काही क्षण तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवी आणि तेवढ्यात पाही की हालचाल कशी आहे. सगळे चित्र एका लयीत सरकत असेल तर ते धुके, सोडून द्यावे. चित्राचा एखादाच तुकडा बाकीच्यांहून निराळा चालत असेल तर ते माणूस किंवा जनावर. ते आधीच्या क्षणांसकट कायमचे साठवावे. धुक्याचे लक्षण कोणी इतके निर्दोष केलेले मी पाहिले नव्हते.

रिवाजाप्रमाणे मी त्याला विचारले, “हे यंत्र आतापर्यंत कोणाला विकले आहेस? कोणाला दाखवले आहेस?”

“कुनालाच न्हाई, गुरुजी,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत कपट नव्हते. अर्ज गेला. यथावकाश पेटंट मिळाले. संपतच्या आई हौसाबाई पेढे घेऊन आल्या आणि तो सरकारी कागद त्यांनी कपाळाला लावला.

पुढे शेडमध्ये माणसे वाढली. आठ-दहा घरे त्या पेट्यांवर चालू लागली. मग लोणावळ्यातल्या हॉटेलांत धुके ओळखणारी दुसऱ्याच नावाची यंत्रे दिसू लागली. ती परप्रांतातल्या एका मोठ्या कंपनीची होती. संपतने एक विकत आणून माझ्यासमोर उघडले. आमच्या क्लेममधला एकेक शब्द उच्चारत मी यंत्र तपासले, आणि प्रत्येक शब्दाला आतून ‘ओ’ आली. दावा दाखल झाला.

कंपनीनेही उलट वार केला. हॉटेलांच्या दारावर लुकलुकणाऱ्या रंगीत पाट्या असतात. त्या हालचाल समजून यंत्र फसू नये म्हणून, एकाच जागी लुकलुकणारा प्रकाश सोडून देण्याची युक्ती कंपनीच्या नावे पेटंट होती. संपतच्या नव्या पेट्याही तसेच करीत. कंपनीचे म्हणणे, ही आमची चोरी आहे, शेड बंद करा. संपतने तशी पहिली पेटी हॉटेलवाल्याला विकली ती कंपनीच्या अर्जानंतर, त्यामुळे आमच्याजवळ उत्तर नव्हते. मात्र आमचे धुक्याचे पेटंट शाबूत असेल, तर कंपनीला तडजोडीला यावे लागणार होते. ते गेले असते, तर शेडला कुलूप. असा तो पेच होता.

आमच्या वकील मीनल वयाने लहान, पण बुद्धीने फार तीक्ष्ण. मला ‘काका’ म्हणत. एक दिवस त्यांचा फोन आला. “काका, तुम्ही बसला आहात ना? कंपनीचा माणूस डोंगरावर जाऊन आला. देवीच्या दर्शनाला.”

देवीचे नाव येथे लिहीत नाही, खटल्यात ते पुरेसे गाजले आहे. लोणावळ्याच्या पलीकडे एका डोंगरावर तिचे लहानसे देऊळ आहे. श्रावणात तेथे भंडारा होतो. सभामंडपात कॅमेरा आणि पेटी पाहून त्या माणसाने गुरवाला सहज विचारले, आणि गुरवाने अभिमानाने सांगितले, “आमच्या संपतचं पयलं मशीन हाय ह्ये. देवीला वाहिल्यालं.”

कधी वाहिले? आमचा अर्ज गेला त्याच वर्षीच्या श्रावणात. म्हणजे अर्जाच्या आधी.

मी आणि मीनल त्याच दुपारी सुदुंबऱ्याला गेलो. संपत ओसरीवर बसला होता. मी विचारले, “अरे, मी तुला विचारले होते, कोणाला दाखवले आहेस का?”

“मानसांना न्हाई दाखवलं, गुरुजी. देवीला दिलं.”

“आणि भंडाऱ्याला किती माणसे होती?”

“समदी पंचक्रोशी. लोक विचारत व्हते, धुकं कसं वळखतंय. मंग मी सांगितलं. लोणावळ्याचे कॅमेरावाले बी व्हते. सगळं फोडून सांगितलं.”

त्याच्या मनात हिशेबाच्या दोन बाजू होत्या. माणसांशी केलेला व्यवहार एकीकडे, देवीला दिलेले दुसरीकडे, आणि दुसऱ्या बाजूची नोंद पहिल्या बाजूत होत नसते. मलाही त्यात काही चुकीचे दिसेना. कायद्याला मात्र एकच बाजू असते.

मीनल पुढे सरसावल्या. “हे बघा, संपतदादा, अजून सगळं गेलेलं नाही. कायद्यात सोय आहे. अर्जाच्या आधी वर्षभरात यंत्र लोकांसमोर चालवलं, पण फक्त चाचणीसाठी, आणि ती चाचणी लोकांसमोरच करणं गरजेचं होतं, तर नावीन्य जात नाही. धुकं डोंगरावरच मिळतं. माणसांची ये-जा देवळातच मिळते. तुम्ही एवढंच सांगायचं, की ती चाचणी होती.”

मीनल माझ्याकडे वळल्या. “काका, तुमच्या शास्त्रातही पर्याय असतातच की. हे नसेल तर ते.”

असतात. मीमांसाशास्त्राचे या विषयावर स्वतंत्र विवेचन आहे. यज्ञात सांगितलेले धान्य मिळाले नाही तर त्याच्यासारखे दुसरे धान्य प्रतिनिधी म्हणून चालते. द्रव्याला प्रतिनिधी आहे. देवतेला मात्र प्रतिनिधी नाही. अमुक देवतेला म्हणून सोडलेले द्रव्य नंतर ‘तिच्यासाठी नव्हतेच’ असे म्हणता येत नाही. मी हे सांगितले. पण त्या शेडमधली आठ-दहा माणसे मला नावानिशी ठाऊक होती. त्यामुळे मी संपतला एवढेच म्हणालो, “तेथे ठेवताना तुझ्या मनात काय होते, ते तुलाच ठाऊक. तेच सांग.”

“ह्या गुरुजींचं असंच,” आतून हौसाबाईंचा आवाज आला. चहाचे कप घेऊन त्या बाहेर आल्या. “पोथी उघडतेत, आन बाकीचं तुमचं तुमी बघा म्हनतेत!” कप माझ्यापुढे ठेवून त्या संपतकडे वळल्या. “नवस माजा व्हता. तू नोकरी सोडलीस तवा मी देवीला बोलले हुते, पयलं मशीन तुला वाहीन. आता तू म्हन चाचनी व्हती. देवीचं मी बघते. माज्या माहेरची हाय ती, तिला मी समजावीन. कोर्टाशी माजी वळख न्हाई.”

मीनलला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही.

“न्हाई, आई,” संपत म्हणाला. “नारळ फोडून मी मोठ्यानं बोललो तिच्यापुढं, नवस फिटला म्हनून. आन आता वकिलापुढं म्हनू, फिटला न्हाई, नुसतं बघत हुतो?”

“मंग शेड?”

त्याने चहाचा कप हातातही घेतला नाही.

साक्ष नोंदवण्यासाठी न्यायालयाने एक निवृत्त न्यायाधीश आयुक्त म्हणून नेमले होते. पुण्यातल्या एका साध्या खोलीत लांब टेबलाभोवती आम्ही बसलो. कंपनीचे ज्येष्ठ वकील अत्यंत मृदू बोलणारे होते. ज्यांची तयारी पूर्ण असते त्यांना आवाज चढवावा लागत नाही.

“संपतराव, देवळात यंत्र बसवलंत ते कशासाठी?”

“देवीला वाहिलं.”

“चाचणी घेण्यासाठी नाही?”

मीनलची लेखणी कागदावर टेकलेली होती. संपतने एकदा आढ्याकडे पाहिले.

“न्हाई साहेब. देवीच्या दारात कोन चाचनी घेतं का? कच्चं फळ वाहतेत का?”

आयुक्तांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. लेखनिक टंकू लागला. मला वाटले, संपले. आपण बांधलेली चतुःसीमा अशी एका वाक्याने पडताना पाहणे सोपे नसते. परंतु त्या वाक्यातला एकही शब्द मला काढून टाकता आला नसता, हेही तेवढेच खरे.

ज्येष्ठ वकिलांना तेवढ्यावर थांबता आले असते. पण त्यांना आमची शेवटची फटही बुजवायची होती. यंत्र त्या दिवशी सर्वांगांनी पूर्ण होते, हे त्यांना साक्षीदाराच्या तोंडून हवे होते.

“म्हणजे ते पक्कं होतं? देवळात नीट चालेल याची खात्री होती तुम्हाला?”

“व्हय. समदं शेडमध्ये बघून झालं हुतं. ऊद जाळून धूर केला. देवळात समई असती, म्हनून आईची समई लावून बघितली. तर ज्योत हलली की मशीनला वाटायचं कोनतरी आलं. सारखं रेकॉर्डिंग! मंग एकाच जागी लुकलुकनारा उजेड सोडून द्यायचा, अशी सोय केली. तवा कुटं देवीकडं न्हेलं.”

“वा,” वकील म्हणाले. “म्हणजे ज्योतीचीसुद्धा व्यवस्था केली होती. आणि ती त्या दिवसापासून यंत्रात आहे?”

“आजबी हाय. बघून या.”

“लोकांना सांगितली होतीत?”

“समद्यांना. बाया ज्योतीपुढं पदरानं वारा घालून बघत हुत्या, मशीन फसतंय का.”

“हे सगळं नोंदवून घ्यावं,” वकील समाधानाने आयुक्तांना म्हणाले.

त्यांच्या मागे बसलेल्या कनिष्ठ वकिलांनी त्यांच्या कोटाची बाही हलकेच ओढली. ज्येष्ठांनी लक्ष दिले नाही. कनिष्ठांनी दुसऱ्यांदा ओढली. मी मीनलकडे पाहिले. त्यांनी लिहायचे थांबवले होते. एकाच जागी लुकलुकणारा प्रकाश सोडून देणे: कंपनीच्या ज्या पेटंटाखाली संपतची शेड बंद होणार होती, त्याचा क्लेम याच शब्दांचा होता. आणि कंपनीचा अर्ज त्या श्रावणानंतरचा. समईची ज्योत आणि हॉटेलची पाटी यांत कायद्याला भेद दिसत नाही. आमचे नावीन्य ज्या भंडाऱ्यात गेले, त्याच भंडाऱ्यात त्यांचेही गेले होते. आणि ते कंपनीच्याच वकिलांनी, शपथेवर, नोंदवून घेतले होते.

बाहेर आल्यावर मी संपतला विचारले, “समईचे मला कधी का नाही सांगितलेस? पाटीची युक्ती कशी सुचली म्हणून किती वेळा विचारले मी!”

“ते देवीच्या सेवेचं हुतं, गुरुजी,” तो म्हणाला. “धंद्यात कशाला सांगायचं?”

यथाकाल निकाल लागला. धुक्याचे आमचे पेटंट रद्द झाले. ज्योतीचे कंपनीचे पेटंटही टिकले नाही. शेड उघडी राहिली, पण ज्याला हवे त्याने तशी पेटी बनवावी, अशी स्थिती झाली. आता तळेगावात आणखी दोघे जण ती बनवतात आणि संपतहून स्वस्त देतात. मीनल अजूनही म्हणतात, “काका, चाचणी म्हणाला असता आणि समईचंही सांगितलं असतं, तर दोन्ही जिंकलो असतो.” कदाचित. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या तर्कात मला दोष काढता येत नाही. मला एवढेच दिसते, की चाचणी म्हणणाऱ्या संपतला समई आठवली नसती. ती कथा वाहण्याच्या कथेतच होती.

तेव्हापासून, निवृत्त होईपर्यंत, मी प्रत्येक शोधकाला एक प्रश्न जास्त विचारत असे: देवाला वाहिले आहे का? पुण्यामुंबईचे इंजिनियर हसत. मावळातले हसत नसत, ते आठवून पाहत.

गेल्या वर्षी संपत पुन्हा आला. मी काम सोडले आहे, पण त्याला दुसऱ्याकडे पाठवणे माझ्याने झाले नाही. त्याने रेकॉर्डरसाठी नवे काही शोधले आहे. काय, ते अर्थातच सांगणार नाही. हौसाबाईही बरोबर होत्या. मी विचारले आणि मायलेकांनी एकमेकांकडे पाहिले. नवस पुन्हा होताच. पहिले यंत्र देवीचे.

“असे करू,” मी म्हणालो, “सकाळी अर्ज दाखल करू. हल्ली घरबसल्या होतो. आणि त्याच दिवशी संध्याकाळी देवीला वाहा. म्हणजे दोन्ही साधेल.”

हौसाबाईंनी पदर सावरला. “म्हंजी आदी सरकारला, आन उष्टं देवीला?”

नैवेद्य आणि उच्छिष्ट यांविषयी मी पुष्कळ वाचले आहे. त्या घटकेला त्यातले काहीही माझ्या मदतीला आले नाही. संपत जमिनीकडे पाहून हसू दाबत होता. मी हात जोडले. “मग तुम्हीच मार्ग सांगा, हौसाबाई.”

त्यांना विचार करावा लागला नाही. “मी न्हेते. फडक्यात गुंडाळून. देवीच्या पायाशी टेकवीन, ववाळीन, आन तशीच माघारी घेऊन यीन. वायर न्हाई लावायची, बटन न्हाई दाबायचं, कुनाला सांगायचं न्हाई. गुरवाला तर मुळीच न्हाई. तुमचा अर्ज झाला की मंग बसवा तितं थाटात.”

मी मनातल्या मनात कायद्याचे एकेक कलम लावून पाहिले. झाकलेली, बंद पेटी. पाहणारे कोणी नाही, समजणारे कोणी नाही. नावीन्याला कोठेही धक्का नाही. अतिव्याप्ती नाही, अव्याप्ती नाही.

“उत्तम,” मी म्हणालो. “हे तुम्हाला कसे सुचले?”

“सुचायचं काय त्यात?” हौसाबाई उठता उठता म्हणाल्या. “निवद झाकूनच न्यायचा असतो, गुरुजी. तवा आमीच उघडा न्हेला.”